उणे ऐंशीतली कुपी

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

कुपी आली! थर्माकोलचा हा एवढा खोका, आत धूर सोडणारा कोरडा बर्फ, आणि त्या बर्फाच्या पोटात माझ्या करंगळीच्या अर्ध्याएवढी एक प्लॅस्टिकची कुपी. आमच्या लॅबच्या मुख्य पूर्णिमा मॅडमनी आधी जाड हातमोजे घालायला लावले. त्या बर्फानं कातडी भाजते म्हणे.

कुपीत दहा मायक्रोग्रॅम. मी हिशोब केला — साखरेच्या एका दाण्याचे साठ भाग केले तर त्यातला एक. तळाशी गोठलेला थेंब दिसतो, बस्स. त्या थेंबात माणसाचं एन्झाइम हाय. माणसाचं, पण कुठल्याच माणसाच्या अंगातनं काढलेलं न्हाय! माणसाच्या जीनची नक्कल अळीच्या पेशीत घालतात. ती पेशी ते वाचते आणि माणसाची वस्तू बनवून देते. कसली अळी, म्हणून विचारलं. मक्यावरची लष्करी अळी, म्हणाल्या. उचगावकडचे लोक जिच्यावर फवारे मारून दमले, तीच. तिच्या पेशी लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या असतात.

कुपीवर बारीक अक्षरात छापलंय — फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. माणसाचं हाय आणि माणसांवर वापरायचं न्हाय.

उणे ऐंशीच्या फ्रिजरमध्ये ठेवून दार लावलं. परत उघडून बघावंसं वाटत होतं. न्हाय उघडलं.

आज नोकरीला बरोबर एक महिना झाला. बी.एस्सी. झाल्या झाल्या लग्न, मग सतरा वर्षं वडगावातल्या घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या आणि गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. आता अडतीसाव्या वर्षी हॉस्पिटलच्या संशोधन लॅबमध्ये टेक्निशियन. सहा महिने बघणार, मग कायम करायचं का न्हाय ते ठरवणार. वही त्यासाठीच घेतली. कुणाला तरी सांगायला पाहिजे ना हे सगळं — आणि घरात लूम चालू असताना कुणाला काय ऐकू येतंय!

१९ ऑगस्ट, मंगळवार

नागेंद्रला अळीचं सांगितलं. लूमवरचा धागा जोडता जोडता म्हणाला, "मग पगार अळीला द्यायला पाहिजे." (नवरा हाय, पण आधी आत्येभाऊ. लहानपणापास्नं अरे-तुरे. वहीत 'हे' कशाला लिहू.)

आत्या, म्हणजे सासूच, तिनं मात्र अंघोळ करून मगच स्वयंपाकघरात ये म्हणून सांगितलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज मॅडमनी बसवून समजावलं. मी शिकवण्या घेतलेली बाई, मला असं फळ्यावर काढून दाखवलेलं लई आवडतं.

चरबी म्हटलं की मला आपली तव्यातली फोडणी दिसायची. पण पेशी चरबीच्या बारीक बारीक कणांनी एकमेकींना निरोप देतात! वाढ, थांब, इकडं सरक, ही जागा धरून ठेव. निरोप पोचला, काम झालं की तो पुसायला लागतो. न्हायतर पेशी त्याच निरोपात अडकून बसते. पुसायचं काम ह्या एन्झाइमचं. नाव हातभर लांब हाय — स्फिंगोसिन-वन-फॉस्फेट लायेज. लॅबमध्ये नुसतं लायेज.

म्हणजे हे आत्ता लिहिताना माझ्या हातात, डोळ्यात, किडनीत कोट्यवधी निरोप येतायत आणि कोट्यवधी पुसले जातायत. मला पत्ता न्हाय. कुणालाच नसतो. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडं बघत होते — तिच्यातबी चाललंय. कंडक्टरमधीबी. उतरायचा स्टॉप चुकला.

२५ ऑगस्ट, सोमवार

निळा उजेड! कुपीतलं लायेज थोडंसं घेतलं, त्याला त्याचं खाणं दिलं — चरबीचा कण, पण त्याला असं काही जोडलेलं असतं की तो तुटला की चमकतो. मॅडमनी अंधाऱ्या खोलीत दिव्याखाली प्लेट धरली. बारा खळगे. सहांत लायेज, सहांत न्हाय. सहा निळे, सहा काळे. हळूहळू निळे झाले, माझ्यासमोर.

मॅडमनी हे हजारदा बघितलं असणार. तरी प्लेट खाली ठेवायला त्यांनाबी सुचेना.

४ सप्टेंबर, गुरुवार

हे सगळं कुणासाठी चाललंय ते आज कळलं.

रेणुका. सहा वर्षांची. उचगावची. खालच्या मजल्यावर मुलांच्या वॉर्डात असते, दर महिन्याला आठ-दहा दिवस. अंगावर सूज येते. किडनीतनं प्रथिनं गळतात, पाणी अंगात साठतं. ज्या गोळ्यांनी बाकीची पोरं बरी होतात त्यांनी हिला काही फरक पडला न्हाय. मग जीनची तपासणी केली. लायेज कसं बनवायचं हे लिहिलंय त्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं. एक! हजारो अक्षरांत.

आई मंजुश्री आमच्या वडगावचीच, आमच्याच समाजातली. सख्ख्या मामाला दिलेली. मामा म्हणजे परशराम, तो उद्यमबागेत फाउंड्रीत हाय. मॅडमनी फळ्यावर काढलं — प्रत्येकाकडं त्या जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. मंजुश्रीची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. परशरामचंबी तसंच. एक चांगली असली की भागतं, माणूस धडधाकट. रेणुकाला दोघांकडनं बिघडलेलीच आली.

मॅडम आठ महिने झाले रेणुकाचं लायेज बनवतायत. तेच बदललेलं अक्षर घातलेला जीन मागवला, अळीच्या पेशी वाढवल्या, त्यातनं गाळून गाळून काढलं. त्या पोरीला टाचणीबी न टोचता तिच्या आतली वस्तू बाहेर बनवली. कुपी आणली ती चांगल्या लायेजची, शेजारी ठेवून बघायला.

९ सप्टेंबर, मंगळवार

मंजुश्री वर लॅबमध्ये आलती. मॅडमनीच बोलावलं होतं, बघू दे म्हणून. दाराशीच चप्पल काढली. मी वडगावची म्हटल्यावर जरा मोकळी झाली, माहेरची गल्ली कुठली ते सांगितलं.

मॅडमनी बर्फातली नळी उचलून दाखवली. तिनं हात मागं बांधून बघितलं. मग विचारलं, "माझ्या पोरीचं ते ह्यात हाय?"

मॅडम म्हणाल्या, तिचं नाही, पण तिच्यासारखंच.

मंजुश्रीनं नळीला नमस्कार केला. मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा अळीचं सांगितलं. तिला हसू आलं. गेल्या साली शेजाऱ्यांचा सगळा मका त्या अळीनं खाल्ला म्हणाली.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज पहिल्यांदा रेणुकाचं लायेज तपासलं. सगळं माझ्या हातानं. चांगलं एका रांगेत, रेणुकाचं दुसऱ्या रांगेत. चांगलं शंभर धरलं तर रेणुकाचं दहाच्या आसपास यावं, असा मॅडमचा अंदाज.

आलं चोपन्न.

मला आनंद झाला. मॅडमचा चेहरा मात्र उतरला. एवढं काम करणारं लायेज असतं तर पोर आजारी कशाला पडली असती? म्हणजे हे रेणुकाचं न्हाय. कुठंतरी चांगल्याची भेसळ झाली, नळ्या बदलल्या, पेशी मिसळल्या. आठ महिन्यांचा अख्खा माल बाद. उद्या सकाळी सगळं निकामी करून टाकायचं म्हणाल्या. मला एक शब्द बोलल्या न्हाईत. स्वतःलाच बोलत होत्या.

घरी येऊन भाकऱ्या थापत होते. पीठ संपलं म्हणून डब्यातनं काढायला वाकले आणि तशीच थांबले. लॅबच्या फ्रिजमध्ये चंदेरी कागदात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. दोन्हीत तेच पिवळं पाणी — व्हिटॅमिन बी-सिक्सचं. लायेजला ते लागतं, मुठीत धरल्याशिवाय ते कामच करत न्हाय. एक बाटली दाट, एक दहापट पातळ केलेली. वापरायची पातळ.

मी दाट घेतली.

भाकरी करपली. आत्यानं हाक मारली तेव्हा कळलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी बसमध्ये सगळा विचार करून झाला. न सांगितलं तर कुणाला कळणार न्हाय. माल टाकून दिला की चूकबी गेली. सांगितलं तर नोकरी — दोन महिन्यांची बाई, साधी बाटली बघून घेता येत न्हाय. नीलमची दहावी हाय ह्या वर्षी. नागेंद्रचा एक लूम तर बंदच पडून हाय.

पण माल तर चांगला हाय! त्यात भेसळ न्हाय, चूक माझी हाय. आठ महिने मॅडमनी जपलेलं, ते माझ्या गप्प बसण्यानं जाणार.

मी पोचले तेव्हा मॅडमनी नळ्या बाहेर काढून ठेवलत्या. मी म्हटलं, "मॅडम, टाकू नका. माल बरोबर हाय. मी बी-सिक्सची दाट बाटली वापरली. माझी चूक हाय."

मॅडम खुर्चीवर बसल्या. मी राजीनाम्यावर सही करून द्यायच्या तयारीनं उभी. त्यांनी एवढंच विचारलं —

"दहापट?"

"व्हय, दहापट."

"दोन्ही रांगांत?"

"दोन्ही."

उठल्या, नळ्या परत बर्फात ठेवल्या आणि प्लेट घे म्हणाल्या. हात धुतले, मोजे घातले, शेजारी स्टूल ओढून बसल्या. ह्या वेळी मी घेतलेला प्रत्येक थेंब त्यांनी बघितला. चार रांगा. चांगलं लायेज, पातळ आणि दाट. रेणुकाचं लायेज, पातळ आणि दाट. आणि खाली एक रांग लायेज नसलेली, नुसतं दाट बी-सिक्स — पिवळा रंगच उजेड मोजणाऱ्या मशीनला फसवत असला तर तिथं कळलं असतं.

नुसतं बी-सिक्स — शून्य.
चांगलं — शंभर, आणि दाट घातल्यावर एकशे तीन.
रेणुकाचं, पातळ — नऊ.
रेणुकाचं, दाट — त्रेपन्न.

मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मेलेलं नाही हे. झोपलंय."

मग फळ्यावर काढून दाखवलं. एका अक्षरानं लायेजची मूठ सैल झाली. बी-सिक्स धरायला जातं, निसटतं. पण आजूबाजूला भरपूर असलं तर एक निसटलं की दुसरं हाताला लागतं. मुठीत असेपर्यंत काम करतं. शेंगदाण्यात असतं, केळ्यात असतं ते बी-सिक्स! औषधाच्या दुकानात पन्नास पैशाला गोळी. बाहेरदेशी अशी एक-दोन पोरं बघितली गेलीत, असं मॅडमनी वाचलं होतं. पण हे अक्षर वेगळं, त्यामुळं जमेल असं त्यांना वाटलं नव्हतं, म्हणून करूनच बघितलं नव्हतं.

माझी चूक तशीच प्रयोगाच्या वहीत लिहायला लावली. तारीख, वेळ, बाटली, आणि खाली माझी सही. नोकरीचं काही बोलल्या न्हाईत. दुपारी डब्यातलं धपाटं मात्र अर्धं मला दिलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

परत केलं. तीनदा. तीनदा तेच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज मी काही केलं न्हाय, नुसती बघत बसले. रेणुकाची रांग. आधी काळी. मग त्यात दाट बी-सिक्स. मग — अगदी फटफटायला लागतं तसं — निळं. कुठल्या अळीच्या पेशीनं बनवलेलं, कुठल्या मशीननं जुळवलेल्या जीनवरनं, आणि जागं होतंय ते लायेज उचगावच्या पोरीत हाय तसलं.

देवळात मला इतकं गप्प वाटलं नव्हतं कधी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा काल झाला. आज रेणुकाला गोळ्या सुरू.

एवढे दिवस कागदपत्रं चाललीवती. मुलांच्या डॉक्टरांनी मॅडमना चार-चारदा विचारलं, हॉस्पिटलच्या समितीपुढं जाऊन आले, आई-बापाला बसवून सांगितलं. नळीत झालं म्हणजे पोरीत होईल असं न्हाय. जास्त झालं तर बी-सिक्सनंबी नसांना त्रास होतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासणी. परशराम कामावरनं तसाच आलता, हाताला काळं लागलेलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, नुसती व्हिटॅमिनची गोळी? सहा वर्षं? त्याला वाटलं असणार, आधी का न्हाय दिली.

मी वॉर्डात गेलते. रेणुका खाटेवर बसून सुया टोचलेल्या हातानं चित्र काढत होती. डोळे सुजून फटी झालेले, तरी बोलायला टकाटक. मला म्हणाली, "तू वरची अळीवाली बाई व्हय?"

व्हय म्हटलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

राज्योत्सवाच्या मिरवणुका, बस बंद, लॅबला सुट्टी. पेशींना कुठली सुट्टी! नागेंद्रनं गाडीवरनं गल्लीबोळातनं नेऊन सोडलं. पेशींचं पाणी बदलून परत आलो. तो पहिल्यांदाच आत आलता. सूक्ष्मदर्शकातनं पेशी बघितल्या. बराच वेळ डोळा लावून होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लघवीतली प्रथिनं निम्म्यावर आली!

चाळीस दिवसांत. डॉक्टरांनी वर फोन केला, मॅडमनी 'हो, हो' म्हणत म्हणत आकडे फळ्यावर लिहून घेतले. पायाची सूज उतरली, मंजुश्रीनं पोरीची दोन वर्षांपूर्वीची पैंजणं आणून घातली आणि ती पायात बसली. बरी झाली असं म्हणायचं न्हाय, अजून लई बघायचंय, असं डॉक्टरांनी बजावलं. मी वॉर्डात गेले तर रेणुका खिडकीतनं खालच्या कुत्र्याला हाका मारत होती. डोळे केवढे मोठे हायत तिचे! मला म्हाईतच नव्हतं.

एका अक्षराची चूक आणि दहापट पिवळं पाणी. मला सारखं वाटतंय, एवढं मोठं काहीतरी एवढ्याशा जागेत कसं मावतं?

आता मॅडमना बघायचंय, तिच्या रक्तातल्या पेशींतबी लायेज जागं झालंय का. शेजारी ठेवायला धडधाकट माणसांचं रक्त पाहिजे. मॅडमनी दिलं, वॉचमन मष्णू अण्णांनी दिलं, मी दिलं. मला काही होत न्हाय सुईचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रेणुकाचं वाढलंय. थोडं, पण वाढलंय.

मॅडमचं शंभर. मष्णू अण्णांचं सत्त्याण्णव. माझं बावन्न.

मॅडमनी आधी काही सांगितलं न्हाय, परत करून बघितलं. परत बावन्न. मग दार लावून मला बसवलं. मला काही धोका न्हाय, मी धडधाकटच हाय, हे दोनदा सांगितलं. पण माझी एक प्रत बिघडलेली असणार, मंजुश्रीसारखी. जीन तपासून घ्यायचा का न्हाय ते माझं मी ठरवायचं. आणि घेतला तर, त्या जरा थांबल्या, नागेंद्र माझा आत्येभाऊ हाय हे त्यांना माहिती हाय, तर त्याचंबी बघावं. कुणाला काही कळणार न्हाय.

मी घ्या म्हटलं. दोघांचंबी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नागेंद्रला कसं सांगायचं ह्याची तयारी करून ठेवलती. त्याला रेणुकाचं सगळं म्हाईत हाय, दोन प्रतींचंबी मीच सांगितलेलं. मी बावन्न म्हटलं, तुझंबी बघायचंय म्हटलं. त्यानं लूम बंद केला. सदरा बदलून आला आणि गाडी काढली.

सुई टोचताना माझ्याकडंच बघत होता.

९ डिसेंबर, मंगळवार

दोन्ही रिपोर्ट आले. माझ्यात एक, नागेंद्रमध्ये एक. रेणुकाचंच अक्षर.

ह्या वहीत कधी लिहिलं न्हाय. नीलमच्या आधी मला मुलगा झालता. साईराज. पाचव्या महिन्यात अंग सुजून गेला. आईचं दूध बाधलं, असं आत्या म्हणाली, मग सगळेच म्हणाले, आणि मीबी सोळा वर्षं तेच धरून बसले. मॅडम म्हणाल्या, आता तपासायला काही उरलेलं नाही, म्हणून छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दुसरं कारण त्यांना दिसत नाही.

घरी येऊन आत्याला सांगितलं. फळ्यावर काढतात तसं पाटीवर काढून, तिच्याकडनं नागेंद्रला, तिच्या भावाकडनं मला. तिनं पाटी बाजूला सारली. मग माझा हात धरला.

"म्हंजे दूध चांगलं हुतं गं तुझं."